चालता चालता बंद पडणारी गाडी : अनुभवाचे बोल

जी गाडी सुरूच होत नाही तिचं दुखणं सरळ असतं. बॅटरी बघा, सेल्फ बघा, प्लग काढा, तासाभरात काय ते कळतं. छळते ती चालता चालता मध्येच बंद पडणारी आणि दहा मिनिटांनी पुन्हा व्यवस्थित सुरू होणारी गाडी. गॅरेजात नेली की ती अगदी शहाण्यासारखी वागते. मेकॅनिक एक राउंड मारून येतो आणि म्हणतो, "साहेब, गाडी तर ओके आहे." मग अंदाजाने प्लग बदलले जातात, नंतर कॉइल, नंतर कार्ब्युरेटर उघडला जातो, आणि पुढच्या आठवड्यात गाडी पुन्हा घाटात उभी.

आमच्या घरी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची कार्ब्युरेटरची एक छोटी गाडी आहे आणि २००० नंतरची एक एमपीएफआय. आम्ही साताऱ्याचे. पुण्याला निघालो काय, महाबळेश्वरला काय किंवा खाली कोकणात काय, चढ-उतार चुकत नाहीत, त्यामुळे इंजिनाची परीक्षा रोजचीच. या दोन गाड्यांनी आणि त्या सांभाळणाऱ्या जुन्या मेस्त्रींनी मला एक गोष्ट पक्की शिकवली: अधूनमधून येणारा दोष तो येतो त्याच क्षणी गाठावा लागतो. गाडी नीट चालत असताना तिचा प्रत्येक भाग निर्दोषच दिसतो. पुढचे सगळे धडे या एका गोष्टीतूनच निघाले आहेत.

१. बंद पडली हे सांगू नका, कशी बंद पडली ते सांगा

इंजिन दोन तऱ्हांनी बंद पडतं. किल्ली फिरवल्यासारखं एका क्षणात गप्प झालं, तर संशय आधी करंटवर घ्यावा. आधी ओढ कमी झाली, झटके मारले, रेस दिली तरी उचललं नाही आणि मग बंद पडलं, तर पेट्रोल पोचत नाही असं धरून चालावं.

टॅकोमीटर असेल तर त्याच्याकडे लक्ष ठेवा. गाडी गिअरमध्ये पळत असताना इंजिन बंद झालं तरी चाकं त्याला फिरवतच असतात. तरीही काटा धाडकन शून्यावर आला, तर कॉइलच्या बाजूचा करंट तुटलाय किंवा एमपीएफआयमध्ये क्रँक सेन्सरचा सिग्नल गेलाय, असं समजायला जागा आहे. काटा गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला तर पेट्रोलकडे वळा. आणि डॅशबोर्डवरचे दिवेसुद्धा त्याच क्षणी गेले असतील, तर बॅटरीचं टर्मिनल, मुख्य फ्यूज किंवा इग्निशन स्विच. हे अंदाज आहेत, निकाल नव्हेत. पण शोध कुठून सुरू करायचा ते यातून ठरतं.

२. गाडीत वही ठेवा

आठवणीवर विसंबू नये. बंद पडली की लगेच लिहायचं: इंजिन गार होतं की गरम, चढ होता की उतार, टाकीत पेट्रोल किती होतं, पाऊस होता का, खड्डा लागला होता का, दिवे किंवा एसी चालू होता का, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पुन्हा सुरू व्हायला किती वेळ लागला.

खड्ड्यात आदळली की बंद आणि किल्ली फिरवताच चालू, हे ढिल्या जोडणीचं लक्षण. पंधरा-वीस मिनिटं थांबल्याशिवाय सुरूच होत नाही, तर काहीतरी तापून निकामी होतंय आणि गार झालं की पुन्हा जागेवर येतंय. फक्त पहिल्या पावसात किंवा सकाळच्या धुक्यात त्रास देते, तर डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि प्लगच्या हायटेन्शन वायरी बघायच्या. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर फुटलेल्या वायरीवरून उडणाऱ्या निळ्या ठिणग्या डोळ्यांनी दिसतात. वहीत चार-पाच नोंदी झाल्या की त्यांच्यात एखादं सूत्र दिसू लागतं, आणि ते सूत्र कुठल्याही नव्या पार्टपेक्षा मोलाचं असतं.

३. बंद पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटं सोन्याची

गाडी बंद पडली की आपण घाईघाईने सेल्फ मारत राहतो. त्याने बॅटरी उतरते, प्लग ओले होतात आणि पुरावा पुसला जातो. त्याऐवजी गाडी सुरक्षित जागी कडेला घ्या आणि लगेच दोनच गोष्टी तपासा: करंट येतोय का आणि पेट्रोल येतंय का.

कार्ब्युरेटरच्या गाडीत एअर फिल्टरचं झाकण काढून, टॉर्चने आत बघत, रेसची लिंक हाताने दाबायची. पेट्रोलची बारीक धार उडाली तर कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. एमपीएफआयमध्ये किल्ली चालूवर नेली की मागच्या सीटखालून पंपाची दोन-तीन सेकंदांची घरघर ऐकू यायला हवी आणि चेक इंजिनचा दिवा लागायला हवा. दिवाही नाही आणि घरघरही नाही, तर ईसीयूचा रिले किंवा त्याचा फ्यूज बघा.

करंटसाठी स्पार्क टेस्टर जवळ बाळगावा. तो स्वस्त मिळतो. निळा, कडकडीत स्पार्क पडला की इग्निशन बहुतेक वेळा सुटलं. पिवळट, मरगळलेला पडला तर कॉइल, कंडेन्सर, पॉइंट यांच्याकडे चला. हायटेन्शन वायर मोकळी सोडून सेल्फ मारू नये, इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं मॉड्यूल त्याने जळू शकतं. आणि पेट्रोल सांडलेलं असेल किंवा वास येत असेल तर स्पार्कची तपासणी तिथे अजिबात करायची नाही.

टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर, प्लगपाना, दहा आणि बाराचा पाना, टॉर्च. एवढं सामान डिकीत असलं की ही पाच मिनिटं वाया जात नाहीत.

४. वायर बाहेरून अखंड दिसते म्हणून ती अखंड असतेच असं नाही

आमच्या कार्ब्युरेटरच्या गाडीला एकदा विचित्र खोड लागली. चढाला बिनतक्रार ओढायची, पण माथा ओलांडून उतारावर रेस सोडली की गप्प. क्षणभराने पुन्हा चालू. पेट्रोल स्वच्छ, कॉइल चांगली, पॉइंटची फट बरोबर.

आमच्या मेस्त्रींनी वहीतली "रेस सोडली की" ही नोंद दोनदा वाचली आणि डिस्ट्रिब्युटरची कॅप उघडली. आत पॉइंटकडे जाणारी बोटभर लांबीची एक वायर असते. रेस कमी-जास्त झाली की व्हॅक्यूम ॲडव्हान्स आतली बेस प्लेट जराशी फिरवतो आणि प्रत्येक वेळी ती वायर वाकते, सरळ होते. हे वर्षानुवर्षं चालतं. मेस्त्रींनी तिची दोन टोकं चिमटीत धरून अलगद ताणली, आणि वरचं प्लॅस्टिक लांबलं. आतली तांब्याची तार अखंड असती तर ते लांबलंच नसतं. ब्लेडने सोलल्यावर आत काळपट-हिरव्या पडलेल्या तारा दिसल्या, तुटलेली दोन्ही टोकं एकमेकांना टेकून उभी. प्लेट एका बाजूला असली की टेकायची, दुसऱ्या बाजूला गेली की सुटायची. मऊ, बारीक तारांची नवी वायर घातली आणि खोड गेली.

तेव्हापासून मी पार्टच्या आधी जोडण्या बघतो. बॅटरीची टर्मिनल्स, इंजिनापासून बॉडीला जाणारी अर्थची पट्टी, कॉइलवरचे नट, फ्यूज बॉक्समधल्या हिरव्या पडलेल्या पाकळ्या. इंजिन आणि दिवे चालू ठेवून बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये मीटर लावायचा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर अर्थिंग सुधारायला हवं. बॅटरीवर तेव्हाच १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळायला हवेत. मग गाडी उभी असताना एकेक वायर हलवून इंजिन अडखळतं का ते ऐकायचं. इग्निशनची किल्लीही हलकेच हलवून बघा. वर्षानुवर्षं जड जुडगा लटकून स्विचचे आतले संपर्क झिजलेले असतात.

५. पेट्रोलचा माग टाकीपासून काढा

पेट्रोल नाही म्हटलं की सगळे कार्ब्युरेटरवर तुटून पडतात. माझा अनुभव असा की माग टाकीच्या झाकणापासून काढावा. झाकणातलं हवेचं भोक बुजलं की टाकीत पोकळी तयार होते, पंपाला पेट्रोल ओढवत नाही आणि अर्ध्या तासाने गाडी गुदमरते. बंद पडल्यावर झाकण सैल करा. हवा आत शिरल्याचा ठळक आवाज आला आणि गाडी सुरू झाली, तर दोष कळला.

पुढे टाकीच्या तळाची जाळी. ओळखीच्या एका कुटुंबाची गाडी हायवेला लागली की काही वेळाने झटके मारून थांबायची आणि पाच-दहा मिनिटांनी निमूट चालू व्हायची. गावात कधीच तक्रार नाही. टाकी उतरवून पेट्रोल पांढऱ्या टबमध्ये ओतलं, तर तळाशी गंजाचे पापुद्रे आणि कधीतरी फनेलबरोबर आत गेलेला पातळ प्लॅस्टिकचा तुकडा. जोराच्या ओढीने तो तुकडा जाळीवर जाऊन चिकटायचा. इंजिन थांबलं की ओढ संपायची आणि तो सुटून खाली पडायचा. गावात संथ चालताना ओढच कमी, म्हणून त्रास नाही.

फिल्टर बदलताना जुना फेकू नका. त्यातलं पेट्रोल उलट्या बाजूने पांढऱ्या बशीत ओता. तांबूस गाळ निघाला तर टाकी गंजली आहे, तळाशी वेगळे थेंब दिसले तर पाणी आहे. रबरी पाइपही हाताने दाबून बघा. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या पाइपचा आतला थर सुटून पडद्यासारखा आडवा येतो. एमपीएफआयमध्ये नुसती पंपाची घरघर पुरेशी नाही. गेज लावून दाब मोजा, आणि तो त्रास होत असताना मोजा.

६. तापल्यावर जे बिघडतं ते तापलेलं असतानाच मोजा

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेल्या. भर उन्हाळ्यात बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवणारे त्यांचे चालक अनेकांना आठवत असतील. इंजिनाला चिकटून असलेला पंप तापला की आतलं पेट्रोल उकळून वाफ होते आणि पंप ती वाफच ढवळत बसतो. फडक्याने पंप गार झाला की वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं.

तेच फडकं आजही तपासणीचं उत्तम साधन आहे. गाडी तापून बंद पडली की आधी फक्त पंपावर आणि पेट्रोलच्या पाइपवर ठेवा. सुरू झाली तर दोष तिथे. नाही झाली तर कॉइलचं धातूचं अंग गार करून बघा. दोन्हीकडे एकदम पाणी मारलं तर काहीच शिकायला मिळत नाही. मात्र डिस्ट्रिब्युटर आणि कॉइलचं तोंड ओलं होऊ देऊ नका. आणि हे फडकं घरी पोचण्यापुरतं. खरा इलाज म्हणजे कार्ब्युरेटरखालचा उष्णतारोधक स्पेसर जागेवर आहे का, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डजवळून पाइप जातोय का, रेडिएटरचा पंखा वेळेवर लागतोय का, हे बघणं.

कॉइल, इग्निशन मॉड्यूल आणि क्रँक सेन्सर हे तिघे गार असताना बहुधा बरोबर आकडे दाखवतात. आतली केसासारखी तार तापून पसरली की तुटते, गार झाली की जुळते. म्हणून मीटर गाडी बंद पडलेली असतानाच लावा. गॅरेजात तसं करता येत नसेल तर इंजिन चालू ठेवून केस वाळवायच्या ड्रायरने संशयित भागाला ऊब द्या. अंदाज बरोबर असेल तर इंजिन तुमच्यासमोर बंद पडेल.

७. सिग्नलला बंद पडणं हा वेगळा आजार आहे

पळताना काहीच तक्रार नाही, क्लच दाबून सिग्नलला आलं की इंजिन गप्प, तर पंप आणि कॉइल सोडा. कार्ब्युरेटरचा स्लो जेट चोंदला असेल किंवा आयडल सोलेनॉइडला करंट मिळत नसेल. किल्ली चालू-बंद करताना त्याचा टिक आवाज यायला हवा. एमपीएफआयमध्ये थ्रॉटल बॉडीत कार्बन साचतो आणि आयडलचा व्हॉल्व्ह अडकतो. शिवाय कुठूनतरी हवा चोरून आत शिरते. ब्रेक बूस्टरचा पाइप क्षणभर चिमटीत दाबा. आयडलिंग सुधारलं तर गळती त्या बाजूला. तरीही उत्तर मिळालं नाही तर टॅपेट क्लिअरन्स बघून घ्या. व्हॉल्व्ह फार टाइट असले की गरम इंजिन आयडलिंगला तग धरत नाही.

८. ई२० आणि जुनं इंजिन

२०२३च्या फेब्रुवारीपासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. जुनी गाडी असणाऱ्याने त्याचा स्वभाव समजून घ्यायलाच हवा. शुद्ध पेट्रोलला एका भागास १४.७ भाग हवा लागते, ई२०ला साडेतेराच्या आसपास. ऑक्सिजन सेन्सर असलेली एमपीएफआय हे सांभाळून घेते. कार्ब्युरेटरला ते कळत नाही. त्याचे जेट ठरलेले, त्यामुळे मिश्रण विरळ होतं आणि मुळातच काठावर असलेलं इंजिन अडखळतं. तपासायला सोपं आहे: अडखळताना चोक जरासा ओढा. इंजिन सुधारलं तर मिश्रण विरळ आहे.

इथेनॉल जुन्या टाकीतला चिकट थर सोडवतं, तो फिल्टरमध्ये येतो. म्हणून सुरुवातीच्या काळात फिल्टर लवकर बदला. ते पाणी शोषतं, आणि पाणी फार झालं की पाण्यासह वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. म्हणून पावसाळाभर गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धवट सोडू नका. पाइप इथेनॉल सोसणारेच घ्या.

९. स्कॅनर गप्प म्हणजे गाडी निर्दोष, असं नाही

स्कॅनर फक्त ईसीयूला जे कळलं तेवढंच सांगतो. जुन्या ईसीयूला क्षणभराचा तुटलेला सिग्नल नोंदवताच येत नाही, आणि कमी दाबाचा पंप त्याला दिसतच नाही. कोड आला तरी तो सेन्सर लगेच बदलू नका. कोड त्या सेन्सरच्या संपूर्ण मार्गाबद्दल असतो, आणि त्या मार्गात वायर आणि कनेक्टरही येतात.

१०. एका वेळी एकच पार्ट बदला

तीन पार्ट एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर नेमका कोणता दोषी होता ते कधीच कळत नाही. जुना पार्ट चालता असेल तर जपून ठेवा. नवा म्हणजे चांगला, हेही गृहीत धरू नका. बाजारात नकली मालही असतो, आणि नवीन कंडेन्सर किंवा रोटर आठवड्यात दगा देऊ शकतो.

११. मेकॅनिकच्या वेळेचे पैसे द्या

गॅरेजात जाऊन "कॉइल बदला" म्हणू नका. लक्षणं सांगा, वही दाखवा. शक्य असेल तर मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच चढावर, त्याच उन्हात गाडी न्या. गार असताना त्रास असेल तर गाडी रात्रभर त्याच्याकडे ठेवा. आणि त्याने दोन तास शोधून एका वायरीचं टोक घट्ट केलं, तर त्या दोन तासांचे पैसे आनंदाने द्या. आपण पार्टचे पैसे मुकाट देतो आणि शोधण्याचे देताना घासाघीस करतो, म्हणूनच शोधण्यापेक्षा बदलणं गॅरेजला परवडतं.

१२. आधी माणसं, मग इंजिन

चालत्या गाडीत इंजिन बंद झालं की स्टिअरिंग जड होतं, पण वळतं. ब्रेक बूस्टरमध्ये एक-दोन दाबांपुरता व्हॅक्यूम शिल्लक असतो. तो पुन्हा पुन्हा दाबून संपवू नका, एकदाच ठाम दाबा. किल्ली काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. पार्किंगचे दिवे लावा, माणसांना रस्त्याबाहेर उभं करा, त्रिकोण पुरेसा मागे ठेवा. चाकामागे दगड लावला असेल तर निघताना तो उचलून कडेला टाका. रात्रीच्या दुचाकीस्वाराचा जीव त्या दगडावर जाऊ शकतो. आणि रेल्वे फाटकात अडकलात तर आधी सगळ्यांना खाली उतरवा. वेळ असेल तर पहिला गिअर टाकून, क्लच सोडून सेल्फ मारा. बहुतेक जुन्या गाड्या तेवढ्यावर रूळ ओलांडतात.

१३. दोष मुद्दाम आणून दाखवता आला, तरच तो सापडला

"आता बरेच दिवस बंद पडली नाही" हा पुरावा होत नाही. हवा गार झाली असेल, टाकी भरलेली असेल. मी दुरुस्ती पक्की तेव्हाच मानतो, जेव्हा दोष मनात आणला की आणता येतो आणि मनात आणला की घालवता येतो. वायर ताणली की बंद, सोडली की चालू. सेन्सर तापवला की बंद, नवा बसवून तितकाच तापवला तरी चालूच. त्यानंतर वहीत ज्या परिस्थितीची नोंद आहे तीच परिस्थिती पुन्हा द्या: तोच घाट, तेवढंच पेट्रोल, दुपारची तीच वेळ.

जुनी गाडी भरवशाची नसते असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. कार्ब्युरेटर, कॉइल, पंप, चार वायरी. सगळं डोळ्यांसमोर आणि हाताच्या टप्प्यात असतं. कारण शोधायचा वेळ तिला दिला, तर ती तीस वर्षांनंतरही घरच्यांना घेऊन निर्धास्त घाट चढते. तेवढा वेळ तिला जरूर द्या.